भीमाच्या मुलखात शक्तिमान

परतवाड्याहून घाट चढला की तीसेक किलोमीटरवर चिखलदरा. भीमानं कीचकाला मारून इथल्याच दरीत फेकलं, मग भीमकुंडात हात धुतले, अशी कथा इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. वऱ्हाडातल्या पोरांना अचाट बळाचा माणूस असा घरचाच होता.

पडद्यावरचा देशी महानायक मात्र 13 सप्टेंबर 1997 रोजी दूरदर्शनवर आला. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’मध्ये भीष्म झालेले मुकेश खन्ना ‘शक्तिमान’चे निर्मातेही होते आणि नायकही. दिग्दर्शन दिनकर जानी यांचं. चष्मा, पुढे आलेले दात, चापून बसवलेले केस असा बावळट गंगाधर गरकन फिरायचा आणि छातीवर सोनेरी चक्र असलेला शक्तिमान उभा राहायचा. पारले-जीच्या पुड्यात त्याचे स्टिकर निघत. ते वहीवर, कपाटावर, जमेल तिथे चिकटत.

अशी मालिका लांबवणं सोपं नसतं. नायिका गीता विश्वासची भूमिका आधी किटू गिडवानींनी केली, पुढे वैष्णवी महंत आल्या. चेहरा बदलला तरी प्रेक्षक टिकला, हे या मालिकेचं खरं यश. 2005 मध्ये ती थांबली.

त्यानंतर नवं पर्व आलं ते कार्टूनच्या रूपात. 2020 च्या टाळेबंदीत जुने भाग दूरदर्शनवर पुन्हा लागले आणि आईबापांनी आपला नायक मुलांना दाखवला. फेब्रुवारी 2022 मध्ये सोनी पिक्चर्सनं चित्रपटत्रयी जाहीर केली. नोव्हेंबर 2024 मध्ये खन्ना स्वतःच पुन्हा तो पोशाख चढवून झलकेत दिसले.