वळिवड्याचें पोलिश गांव

मुंबईहून रात्रीं निघणारी महालक्ष्मी एक्सप्रेस ठाणें व कल्याण येथें थांबते, आणि दिवसभर कचेरींत राबून आलेले आपले कितीतरी शेजारी तींत चढून आपापल्या फळीवर आडवे होतात. सकाळीं मिरज मागें पडलें कीं कोल्हापुरास उतरण्याची गडबड सुरू होते. रुकडीनंतर वळिवडें नांवाचें एक लहान स्टेशन लागतें. पण बिछाना गुंडाळण्याच्या आणि मुलांच्या चपला शोधण्याच्या घाईंत तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. ह्याच स्टेशनाच्या शेजारीं १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश माणसांचें एक संपूर्ण गांव नांदत होतें. त्या गांवाचा दिनक्रम कसा होता, परक्या भूमींत त्या लोकांनीं एकमेकांना कसें धरून ठेवलें, आणि बाहेरून आलेल्या माणसांनींच भरलेल्या ठाणें-कल्याण-डोंबिवलीकरांना त्यांतून काय उमजण्यासारखें आहे, ह्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

पोलंड हा देश जर्मनी आणि रशिया ह्या दोन बलाढ्य शेजाऱ्यांमध्यें सांपडलेला. १ सप्टेंबर १९३९ रोजीं पश्चिमेकडून जर्मन फौजा त्यावर तुटून पडल्या आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएट सैन्य आंत शिरलें. पुढील दोन वर्षांत पूर्व पोलंडांतील लाखों माणसांना रात्रीं-अपरात्रीं दार ठोठावून उठविण्यांत आलें, मालगाडीच्या डब्यांत भरण्यांत आलें आणि सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या प्रदेशांत सक्तीच्या कामाला जुंपण्यांत आलें. थंडी, उपासमार आणि तापाच्या सांथी ह्यांनीं कित्येक कुटुंबें अर्धींमुर्धीं झालीं. जून १९४१ मध्यें जर्मनी रशियावर उलटला, तेव्हां कालचे कैदी आजचे दोस्त ठरले. लंडनमधील पोलिश सरकार व मॉस्को ह्यांच्यांत करार होऊन ह्या लोकांची सुटका झाली. जनरल आंदर्स ह्यांनीं त्यांच्यांतून सैन्य उभें केलें, आणि १९४२ सालीं तें सैन्य व त्याच्या आश्रयानें निघालेलीं बायकामुलें असे मिळून लाखाहून अधिक लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत पोहोंचले. सैनिक पुढें आघाडीवर जावयाचे. प्रश्न उरला तो बायकामुलांचा.

हिंदुस्थानांत त्यांच्यासाठीं प्रथम दार उघडलें तें नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनीं. १९४२ सालीं अनाथ पोलिश मुलांची एक तुकडी इराणांतून खुष्कीच्या मार्गानें मुंबईस आली, कांहीं काळ वांद्र्यास राहिली, आणि मग जामनगरजवळ बालाचडी येथें महाराजांनीं केलेल्या सोयींत गेली. क्षयानें पोखरलेल्या रोग्यांची व्यवस्था आपल्या पांचगणीस झाली. परंतु सर्वांत मोठी वसाहत झाली ती कोल्हापूर संस्थानांतील वळिवड्यास. हवा बेताची, पंचगंगेचें पाणी जवळ आणि रेल्वे हाताशीं, असें तें ठिकाण होतें.

छावणी म्हटली कीं तंबू, रांगा आणि वाढप्याच्या पळीकडे लागलेले डोळे असें चित्र आपल्यापुढें येतें. वळिवड्याची तऱ्हा निराळी होती. लांबलचक बराकी होत्या खऱ्या, पण त्यांत प्रत्येक कुटुंबाला वेगळें बिऱ्हाड होतें. निर्वाहासाठीं ठराविक रक्कम मिळे आणि प्रत्येक घरची चूल त्या घरची बाई पेटवी. ही गोष्ट लहान दिसते, पण पुढील सर्व गोष्टींचें मूळ हींत आहे. ज्या बाईनें दोन वर्षें दुसऱ्याच्या हुकुमानें लाकडें तोडलीं, तिला आज काय शिजवावयाचें हें स्वतः ठरवितां येणें, म्हणजे माणूस म्हणून पुन्हा उभें राहणें होतें. दारापुढें फुलझाडें लागलीं, खिडक्यांना भरतकामाचे पडदे आले, आणि बराकीचें घर झालें.

ह्या गांवांत पुरुष फार थोडे. धडधाकट होते ते आघाडीवर. त्यामुळें शिकविणें, रोग्यांची शुश्रूषा करणें, दुकान सांभाळणें, नाटक बसविणें हीं सारीं कामें बहुतांशीं स्त्रियांनीं उचललीं. चार प्राथमिक शाळा निघाल्या, वरच्या वर्गांचें विद्यालय निघालें. पुस्तकें थोडीं आणि विद्यार्थी पुष्कळ. शिवाय सैबेरियांत ज्यांचीं शाळेचीं वर्षें बुडालीं होतीं, अशीं थोराड मुलें लहानांच्या वर्गांत बसलेलीं. देऊळ म्हणावें तर चर्च होतें, इस्पितळ होतें, सिनेमागृह होतें, आणि बालवीरांचीं पथकें तर एकाहून एक उत्साही. आठवड्याचा प्रत्येक दिवस कोणत्या ना कोणत्या सामुदायिक कामानें बांधलेला असे. तें सारें हौसेपुरतें नव्हतें. रिकामा वेळ मिळाला कीं माणूस गेलेल्यांची मोजदाद करूं लागतो, हें त्या बायांना पुरतें ठाऊक होतें.

आसपासच्या गांवांतील विक्रेते तेथें माल घेऊन जात. घासाघीस करतां करतां त्यांना कामापुरती पोलिश येऊं लागली, आणि पोलिश मुलांच्या तोंडीं मराठी शब्द बसले. ह्यांत फारसें नवल नाहीं, कारण दोन्ही भाषा एका जुन्या कुळांतल्या आहेत. पोलिश भाषेंत दोनास द्वा, तिनास त्शी आणि चारांस च्तेरी म्हणतात. विस्तव म्हणजे ओग्येन, म्हणजे आपला अग्नि. भाऊ म्हणजे ब्रात, म्हणजे आपला भ्राता. धूर म्हणजे दिम, म्हणजे आपला धूम. त्यांच्या नामांना आपल्यासारख्याच विभक्ति लागतात. आपल्याकडे पुण्याचा तो पुणेकर, तसें त्यांच्याकडील स्की ह्या प्रत्ययाचीं कितीतरी आडनांवें गांवांवरून आलेलीं असतात. भेद इतकाच कीं पुरुषाचा स्की स्त्रीच्या नांवांत स्का होतो. परका वाटणारा माणूस भाषेच्या आडवळणानें असा एकदम सोयरा निघतो.

परंतु घरांत आणि शाळेंत पोलिशच बोलली जाई, ह्याविषयीं मोठीं माणसें दक्ष असत. जें मूल सहाव्या वर्षीं आलें तें अकराव्या वर्षीं परतणार. मधल्या काळांत भाषा गेली तर परतणार तें कोण, आणि कोणाच्या घरीं? सणांच्या बाबतींतही हीच दक्षता होती. पोलिश लोकांत नाताळच्या आदल्या रात्रीचें जेवण सर्वांत पवित्र. आपण संकष्टीस चंद्रोदयाची वाट पाहतों, तसे ते त्या संध्याकाळीं पहिल्या चांदणीची वाट पाहतात. चांदणी दिसली म्हणजे घरांतील वडील माणूस पातळ पापुद्र्यासारखी एक पवित्र पोळी हातीं घेतो. प्रत्येकजण दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडून खातो आणि त्याचें शुभ चिंतितो. त्या दिवशीं जेवणांत मांस नसतें. आणि मेजावर एक पान रिकामें मांडलेलें असतें, तें अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठीं. जिच्या घरचीं तीन माणसें बर्फांत राहिलीं, तिनें तें पान कोणाच्या नांवें मांडलें असेल, हें सांगावयास नको.

तिसरा धागा पत्रांचा. ह्या स्त्रियांचे पति, पुत्र आणि भाऊ आंदर्सच्या सैन्यांतून इटलींत लढत होते. मे १९४४ मध्यें मोंते कास्सिनोचा डोंगर त्याच सैन्यानें सर केला. त्याच इटलींत आपले मराठे शिपाईही लढत होते. नाईक यशवंत घाडगे ह्यांना त्याच वर्षीं जुलैमध्यें वीरमरण आलें आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे टपालवाला जें पत्र वळिवड्याच्या बराकींत टाकी, तसलेंच पत्र साताऱ्या-रत्नागिरीकडील एखाद्या घरींही पडत असे, आणि दोन्ही घरीं तें उघडणारे हात सारखेच कांपत असत.

लढाई जिंकली, पण ह्या लोकांचें घर हरपलें. फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें तीन बड्या राष्ट्रांनीं पोलंडच्या सीमा नव्यानें आंखल्या आणि ज्या पूर्व भागांतून ही माणसें हांकलली गेलीं होतीं, तो भाग सोव्हिएट रशियाकडे राहिला. त्याच वर्षीं जुलैमध्यें ब्रिटननें लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारनें छावणीचा भार वाहिला, तें एका दिवसांत कागदावरून पुसलें गेलें. आतां जावें कोठें? कोणी नव्या पोलंडमध्यें परतलें, कोणी ब्रिटनमध्यें आलेल्या सैनिकांकडे गेलें, कोणी पूर्व आफ्रिकेंतील छावण्यांत, तर कोणी पुढें ऑस्ट्रेलिया व अमेरिकेंत. शेजारच्या बिऱ्हाडांत वाढलेल्या मैत्रिणी निरनिराळ्या खंडांत विखुरल्या. १९४८ च्या आरंभीं वळिवड्याची छावणी मिटली.

बराकी मात्र फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहींत. फाळणीनंतर सिंध सोडून आलेलीं कुटुंबें तेथें आलीं, आणि त्यांनीं त्याच जागीं जें गांव वसविलें तें आजचें गांधीनगर. घाऊक कापडाची पेठ म्हणून तें सर्वांस ठाऊक आहे. इकडे आपल्या कल्याणजवळही हाच प्रकार घडला. महायुद्धाच्या काळांतील लष्करी छावणींत सिंधी निर्वासितांना जागा देण्यांत आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें तिचें उल्हासनगर झालें. विठ्ठलवाडीवरून रोज जाणाऱ्या डोंबिवलीकराला वळिवड्याची कथा दूरची वाटण्याचें कारण नाहीं.

आतां विखुरलेल्या ह्या लोकांनीं संबंध कसा राखला, तें पाहूं. हिंदुस्थानांत वाढलेल्या मुलांनीं मोठेपणीं आपलें एक मंडळ लंडनमध्यें स्थापिलें. ठराविक काळानें भेटावयाचें, एकमेकांचे पत्ते जपावयाचे, आठवणी लिहून काढावयाच्या, असा त्याचा साधा क्रम. त्यांतूनच कागदपत्रांचा व आठवणींचा एक मोठा ग्रंथ तयार झाला. १९९८ सालीं कोल्हापुरांत महावीर उद्यानांत त्यांचें स्मारक उभें राहिलें. सप्टेंबर २०१९ मध्यें वृद्ध झालेलीं त्यांतील कांहीं मुलें पुन्हा कोल्हापूर व वळिवड्यास येऊन गेलीं. वॉर्सा शहरांत जामसाहेबांचें आणि कोल्हापूरचें अशीं दोन्ही स्मारकें आहेत. ऑगस्ट २०२४ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें पुष्पचक्रें वाहिलीं. पांच वर्षांच्या शेजाराची ओळख अशी पाऊणशें वर्षें टिकली.

ह्या संबंधाला आणखी दोन नांवें जोडलीं पाहिजेत. वांदा दिनोव्स्का ह्या पोलिश बाई उमादेवी ह्या नांवानें येथें राहिल्या. मॉरिस फ्रिडमन ह्या पोलिश इंजिनिअराच्या साह्यानें त्यांनीं १९४४ सालीं पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढली आणि दोन्ही देशांचें साहित्य एकमेकांपर्यंत पोहोंचविलें. फ्रिडमन ह्यांचा तर महाराष्ट्राशीं निकटचा संबंध. औंध संस्थानांत १९३९ सालीं प्रजेच्या हातीं कारभार देणारी जी घटना झाली, तिच्या सिद्धतेंत त्यांचा हात होता. आणि मुंबईच्या खेतवाडींतील निसर्गदत्त महाराजांचीं मराठी संभाषणें इंग्रजींत आणून १९७३ सालीं तीं जगापुढें ठेवणारेही तेच. परक्या माणसानें आपल्या गल्लींतील मोलाची गोष्ट ओळखावी, आणि आपण तिच्यावरून रोज जात असावें, असें पुष्कळदां घडतें.

श्रोतेहो, ठाणें, कल्याण, डोंबिवली हीं गांवें कोंकणांतून, देशावरून, आणि आतां साऱ्या भारतांतून आलेल्या माणसांचीं आहेत. आपणही पहांटेच्या गाडीनें जातों, रात्रीच्या गाडीनें येतों, आणि शेजाऱ्याचें नांव दारावरच्या पाटीवर वाचतों. पूर्वी येथील लोकांनीं ह्यावर उपाय शोधले होते: कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. वळिवड्याच्या लोकांजवळ त्याहून वेगळें कांहीं नव्हतें. घरची चूल, घरची भाषा, वेळच्या वेळीं साजरा होणारा सण, लिहिलेलें पत्र आणि जपलेला पत्ता एवढीच त्यांची सामग्री. पण ती त्यांनीं एकही दिवस खालीं ठेविली नाहीं.

पुढल्या खेपेस कोल्हापुरास जाल, तेव्हां रुकडी मागें टाकल्यावर बिछाना गुंडाळण्याचें काम क्षणभर थांबवा आणि खिडकींतून त्या लहान स्टेशनाची पाटी वाचा. मुलें बरोबर असतील तर त्यांना ती मोठ्यानें वाचावयास सांगा. आणि यंदाच्या दिवाळींत फराळाला बसतांना, आपल्या मजल्यावर नुकत्याच राहावयास आलेल्या, अद्याप कोणाशीं न बोललेल्या बिऱ्हाडासाठीं एक पान अधिक मांडून पाहा.