विजेची नाडी

कळ दाबली की दिवा लागतो. कला शाखेच्या आपण विद्यार्थ्यांचा विजेशी संबंध बहुधा इथेच संपतो. म्हणूनच प्रा. अरुण फडके यांच्या संशोधनाविषयी मला जे समजले, ते सोप्या शब्दांत मांडावेसे वाटते.

ज्या क्षणी जितकी वीज खपते, त्या क्षणी तितकीच पुरवावी लागते. देशभरची वीजकेंद्रे तारांच्या जाळ्याने जोडलेली असून ती सेकंदाला ५० आवर्तने या एकाच ठेक्यात चालतात. जणू एकाच दिंडीतले टाळकरी! ठेका एक असला तरी दूरच्या दोन केंद्रांवरील लहरी किंचित मागेपुढे असतात. या फरकाला कलांतर म्हणतात. (ही ‘कला’ आपल्या शाखेची नव्हे, चंद्राच्या कलांच्या जातीची.) कलांतर वाढत चालले, की जाळ्यावरचा ताण वाढला असे समजावे. ते मर्यादेबाहेर गेले तर जाळ्याचे तुकडे पडतात आणि अंधार पसरतो.

मग ते सतत मोजीत का नसत? अडचण घड्याळाची होती. दोन ठिकाणच्या घड्याळांत सेकंदाच्या हजाराव्या भागाचा फरक असला, तरी मोजमाप १८ अंशांनी चुकते.

फडके यांचा जन्म १९३८ साली ग्वाल्हेरचा. खरगपूरच्या आय. आय. टी.तून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. ‘अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर’ कंपनीत, संगणकाच्या साह्याने वीजवाहिन्यांचे संरक्षण कसे करावे याचा अभ्यास करताना त्यांना या मोजमापाची गणिती वाट सापडली. १९८२ मध्ये ते व्हर्जिनिया टेक येथे प्राध्यापक झाले. उपग्रहांवरून मिळणारी जी. पी. एस. वेळ वापरून १९८८ मध्ये तेथे पहिले ‘फेझर मापन यंत्र’ सिद्ध झाले. आता घड्याळातील चूक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी, म्हणजे कोनात ०.०१८ अंश! या कार्याबद्दल फडके आणि त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प यांना २००८ चे बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले.

या यंत्राचे मोल अंधारात कळले. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका-कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा ठिकठिकाणच्या नोंदींच्या वेळा जुळवतानाच तपास करणाऱ्यांची दमछाक झाली. ३१ जुलै २०१२ रोजी आपल्याकडे उत्तर, पूर्व व ईशान्य भारताची जाळी कोसळली. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशाला फटका बसला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेची जाळी उर्वरित देशाशी जोडली गेली. आधार वाढला, तशी जबाबदारीही वाढली.

सूर्य आणि वारा यांची वीज स्वच्छ खरी. पण ढग आला की ती घटते, वारा पडला की थांबते. शिवाय सौर पट्ट्यांत जड फिरते चक्र नसल्याने ठेका सावरायला मिळणारा अवधीही कमी. अशा जाळ्याची नाडी क्षणोक्षणी पाहावीच लागेल.

धूर नसलेली वीज आपल्या सर्वांनाच हवी आहे. परंतु नुसती पवनचक्की उभारून ती घरात येत नाही. तिच्यामागे असे न दिसणारे, चिकाटीचे मोजमाप असते, याची जाणीव कलेच्या विद्यार्थ्यांनीही ठेवावी असे मला वाटते.