एन्नोरचे साहित्य मराठी ई-ग्रंथात : साधन, संकेतांक आणि अक्षर

चेन्नईच्या उत्तरेस कोसस्तलैयार नदी बंगालच्या उपसागरास मिळते. तेथील खाडीकाठची वस्ती म्हणजे एन्नोर. औष्णिक वीजकेंद्रांची राख आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पुराबरोबर खाडीत पसरलेले तेल यांमुळे हे नाव वृत्तपत्रांतून सर्वत्र पोहोचले. कलेच्या क्षेत्रात ते त्याआधीच आले होते. टी. एम. कृष्णा यांनी गायिलेले ‘चेन्नई पोरंबोक्कु पाडल’ हे गीत २०१७ च्या जानेवारीत याच खाडीच्या चित्रणासह प्रसिद्ध झाले. अशा साहित्याचे मराठी भाषांतर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून करावयाचे आणि त्याचा ई-ग्रंथ सिद्ध करावयाचा, असे ठरले तर प्रकाशनाचे साधन शिकणे ही केवळ यांत्रिक बाब राहत नाही.

साधनाची बाह्य बाजू सोपी आहे. ‘ईपब’ स्वरूपातील ग्रंथ हे वस्तुतः एक बंद गाठोडे असते. धारिकेच्या नावाचा शेवट बदलून ‘झिप’ केला की ते उलगडता येते. आत प्रकरणांची पाने, अक्षरांची ठेवण सांगणारी शैलीधारिका आणि कोणते प्रकरण कोणत्या क्रमाने यावे याची नोंद, एवढाच संसार. ‘सिजिल’ किंवा ‘कॅलिबर’ ही मुक्त साधने हा संसार मांडून देतात. विद्यार्थ्याने एकदा तरी गाठोडे स्वतः उलगडून पाहावे, कारण बटणे दाबण्याच्या सवयीने ग्रंथाची रचना कळत नाही. ती दोन बैठकांत आत्मसात होते. खरी अडचण त्यानंतर, अक्षरांपाशी सुरू होते.

ती गावाच्या नावापासूनच आहे. ‘एन्नोर’ हे रूप इंग्रजी लेखनावरून मराठीत आले. मूळ तमिळ नावात णकाराचे द्वित्व व दीर्घ ऊकार असून आरंभीचा एकार ऱ्हस्व आहे. म्हणजे ते ‘ऎण्णूर’ असे लिहावे लागेल. हा ऱ्हस्व ‘ऎ’ मराठी वर्णमालेत नाही, पण युनिकोडच्या देवनागरी विभागात आहे. द्राविडी भाषांच्या लिप्यंतरासाठी तेथे ऒ, ऩ, ऱ, ऴ ही अक्षरेही ठेवलेली आहेत. ‘तमिळ’ या शब्दातील अंत्य वर्णही मुळात ऴ आहे. मराठीने त्याला आपल्या ळकारात सामावून घेतले आणि ते योग्यच झाले. रुळलेल्या नावांना हात लावू नये, मात्र प्रथम उल्लेखाच्या वेळी मूळ रूप द्यावे, हे धोरण प्रकल्पाला पुरेसे ठरेल.

परंतु ऱ या अक्षरापाशी हे धोरण अडखळते. एन्नोरच्या उत्तरेकडील पुलिकत सरोवराचे तमिळ नाव देवनागरीत अक्षरशः उतरवावयाचे तर ‘पऴवेऱ्‌काडु’ असे लिहावे लागते. आता युनिकोडच्या नियमानुसार ऱ, हलन्त आणि पुढे व्यंजन असा क्रम आला की पडद्यावर मराठीचा अर्धा चंद्राकृती रफार उमटतो, म्हणजेच ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांतील खूण. तमिळसाठी योजलेले अक्षर मराठीच्या खास चिन्हाचे बीजही आहे, हा योगायोग विद्यार्थ्यांना चकवणारा आहे. येथे हलन्तानंतर जोड तोडणारे अदृश्य चिन्ह घालावे लागते. मगच ऱ आपल्या मूळ रूपात टिकतो.

याहून गंभीर गोष्ट अशी की, मराठीचा तो रफार दोन रीतींनी टंकित होतो. एक रीत ऱ व हलन्ताची. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते भिन्न शब्द वाटतात. एका विद्यार्थ्याने पहिल्या रीतीने आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने टंकलेखन केले तर एकाच ग्रंथातील शब्दाचा शोध अर्धवट राहतो. आणि जोडचिन्ह गळाले तर? ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगराच्या जागी समुद्र! खाडी आणि कोळीवाड्यांविषयीच्या ग्रंथात ही चूक मुद्रितशोधकाच्याही नजरेतून सुटेल, कारण तेथे ‘दर्या’ शोभूनच दिसतो. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर रूपांतरित करून घेतला असेल तर प्रत्येक रफार तपासणे अपरिहार्य आहे. संहिता एकत्र करण्यापूर्वीच एक रीत ठरवून सर्वत्र तीच लागू करावी; ऱ व हलन्ताची रीत अधिक टिकाऊ, कारण तीत गळून पडेल असे अदृश्य काही नसते.

प्रत्येक पानाच्या आरंभी भाषेची नोंद करणे ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. पण ज्या टंकात मराठी वळणाच्या ल आणि श यांची सोय असते, तो टंक याच नोंदीवरून ती रूपे निवडतो. नोंद हिंदीची राहिली तर पान हिंदी वळणाचे दिसते. तमिळ लिपीतील उद्धृतांना तमिळची नोंद स्वतंत्रपणे द्यावी. टंकाबाबत थोडक्यात एवढेच की, मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ यांसारखा मुक्त परवान्याचा टंक ग्रंथातच अंतर्भूत करता येतो. लेखाधिकार मात्र मुक्त नसतात. भारतात ते सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात, आणि भाषांतरासही अनुमती लागते.

तमिळ प्रदेशात मराठीने मुद्रणाचे नवे साधन हाताळण्याचा हा प्रसंग पहिला नव्हे. तंजावरच्या सरफोजीराजांनी १९व्या शतकाच्या पहिल्या दशकात देवनागरी मुद्रणालय उभारले; ज्या दरबाराचे कामकाज मोडीत चाले, तेथे बालबोध खिळे जुळवण्याची विद्या नव्यानेच शिकावी लागली. तमिळ भाषकांनी तर संगणकावरील हे शिक्षण बरेच आधी घेतले. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट मदुरै’च्या स्वयंसेवकांनी प्राचीन तमिळ ग्रंथ आधी ‘टिस्की’ या तमिळ संकेतप्रणालीत टंकित केले आणि पुढे युनिकोडमध्ये आणले. एन्नोरच्या लेखनावर काम करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला मूळ संहितांच्या शोधात त्या संग्रहाशी परिचय होईलच. तेथील धारिकांच्या आरंभी टंकलेखक आणि मुद्रितशोधक यांची नावे नोंदवण्याची जी पद्धत आहे, ती आपल्या ई-ग्रंथाच्या पहिल्या पानासाठी त्याने जशीच्या तशी उचलावी.