मंद वाऱ्याचे सामर्थ्य

उंच आणि सडपातळ स्तंभाला वाऱ्यापासून भय असेल तर ते केवळ झंझावाताचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि ती निराधारही नाही. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर हा वाऱ्याचा मूलभूत वेग धरलेला आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, या नियमाने मुंबईच्या त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ११८ किलो वजनाइतका भार येतो. हा भार सोसण्याची तजवीज अभियंता करतोच. परंतु सडपातळ स्तंभाचा दुसरा शत्रू अधिक धूर्त आहे, आणि तो म्हणजे एकसारखा वाहणारा मंद वारा.

गोल खांबाला वळसा घालून जाणारा वारा मागच्या अंगाला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे आळीपाळीने भोवरे सोडीत जातो, आणि प्रत्येक भोवरा सुटताना खांबाला वाऱ्याच्या दिशेने नव्हे, तर तिच्याशी काटकोनात किंचित ओढतो. वाऱ्यात तारा का गुणगुणतात याचा शोध घेताना स्ट्रोहाल या झेक पदार्थवैज्ञानिकाने १८७८ साली या क्रियेचे गणित बसविले: वाऱ्याच्या वेगाला खांबाच्या व्यासाने भागून त्याचा एकपंचमांश घेतला की दर सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांची संख्या मिळते. वीस सेंटिमीटर व्यासाच्या दिव्याच्या खांबावर सेकंदाला पाच मीटर वेगाचा वारा आला, तर ही संख्या पाच येते. खांबाच्या एखाद्या स्वाभाविक कंपाची गतीही नेमकी तेवढीच असली, तर प्रत्येक ओढ आधीच्या हेलकाव्यात भर घालते आणि तासाभरात अठरा हजार हेलकावे होतात.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यातील एम्ली मूर येथे दूरचित्रवाणीसाठी सुमारे ३८५ मीटर उंचीचा पोलादी मनोरा उभारलेला होता. जोतिबाच्या यात्रेतील सासनकाठी जशी दोरांनी चहूबाजूंनी तोलून धरतात, तसा तो पोलादी ताणांनी तोललेला होता आणि त्याचा बहुतेक भाग नळीसारखा गोल होता. १९ मार्च १९६९ रोजी तो कोसळला. ताणांवर बर्फ साचले होते, म्हणून दोष प्रथम बर्फाच्या माथी आला. परंतु चौकशी समितीने छाननी केली तेव्हा मंद आणि स्थिर वाऱ्याने उत्पन्न केलेले आंदोलन हे मनोरा कोसळण्याचे प्रमुख कारण ठरले. याच धर्तीच्या इतर मनोऱ्यांच्या पोकळीत मग लोखंडी साखळ्या टांगण्यात आल्या, त्या अशासाठी की मनोरा हलू लागताच साखळ्यांच्या आपटण्या-घासण्यात त्याची ऊर्जा खर्ची पडावी.

दुसरा उपाय भोवऱ्यांचीच शिस्त मोडण्याचा. कारखान्याच्या पोलादी धुराड्याच्या वरच्या भागाला गुंडाळलेल्या मळसूत्री पट्ट्या पुष्कळांना शोभेच्या वाटतात. वस्तुतः ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत स्क्रूटन यांनी सिद्ध केलेली ती योजना आहे: सामान्यतः तीन पट्ट्या, प्रत्येकीची उंची व्यासाच्या सुमारे दशांश, आणि पाच व्यासांइतक्या उंचीत एक पूर्ण वेढा. त्यामुळे वरपासून खालपर्यंत भोवरे एकाच क्षणी सुटत नाहीत आणि त्यांचा जोर विस्कळीत होतो. मात्र पट्ट्यांमुळे वादळी वाऱ्याचा सरळ भार वाढतो, याचाही हिशेब ठेवावा लागतो.

रस्त्यावरील साध्या खांबाला असा डामडौल परवडत नाही. पण तेथेही धोका तोच, फक्त सावकाश येणारा. खांब आणि तळपट्टी यांच्या वेल्डिंगच्या कडेला, किंवा तारजोडणीसाठी ठेवलेल्या छोट्या दारवजा छिद्राच्या कोपऱ्यात, लक्षावधी हेलकाव्यांनी पोलादाला शिणवटा येतो आणि केसाएवढी चीर पडते. रंगाखाली ती दिसत नाही, आणि तिच्यातून डोकावणारी गंजाची रेघ बहुधा दुर्लक्षित राहते. म्हणून खांबांची खरेदी मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने मजबुतीच्या दाखल्याबरोबर त्या खांबाच्या स्वाभाविक कंपाचाही आकडा मागावा, आणि देखभालीच्या नोंदवहीत तळपट्टीच्या तपासणीला स्वतंत्र रकाना द्यावा. वादळ वर्षाकाठी क्वचित येते. मंद वारा मात्र बहुतेक रोज येतो, आणि त्याच्यासाठी केलेली तरतूद ही चैन नसून सार्वजनिक सुरक्षिततेचे प्राथमिक कर्तव्य आहे.