दीडशे किलोमीटरवरून सहावर

महासंगणकांची चर्चा टेराफ्लॉप-पेटाफ्लॉपमध्ये, म्हणजे सेकंदाला किती आकडेमोडी या मापात होते. धाराशिवकराने ती चौकटींत करावी. हवामानाचे मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनात पावसासाठी एकच आकडा मांडते.

नव्वदच्या दशकात दिल्लीतल्या क्रे महासंगणकावर जे मॉडेल चाले, त्याची चौकट साधारण दीडशे किलोमीटरची. साडेसात हजार चौरस किलोमीटरचा आजचा धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा तीत तीनदा मावला असता. तुळजापूरचा बालाघाट, परंड्याचे सीनाकाठचे रान, उमरग्याची काळी जमीन, सगळ्यांना पाऊस सारखाच. अमेरिकेने अधिक ताकदीचा क्रे नाकारला, पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि 1991 मध्ये विजय भटकरांच्या चमूने परम 8000 हा महासंगणक बांधला, हे सर्वांना ठाऊक आहे.

चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, आकडेमोडीची वेळेतली पावलेही दुप्पट पडतात. म्हणजे काम आठपट. म्हणून दर टप्प्याला नवे यंत्र लागले. 2012 मध्ये मान्सूनचा अंदाज सुधारण्यासाठी मान्सून मिशन सुरू झाले, त्यानंतर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘आदित्य’ हा महासंगणक आला; हंगामी अंदाजाची चौकट 38 किलोमीटरवर उतरली. जिल्ह्याच्या वाट्याला पाचेक चौकटी! 2018 मध्ये 4 पेटाफ्लॉपचा ‘प्रत्यूष’ आला आणि 12 किलोमीटरच्या चौकटीत एकच अंदाज किंचित वेगळ्या सुरुवातीने 21 वेळा मांडता येऊ लागला. माझ्या मते खरी झेप हीच. 21 पैकी किती वेळा पाऊस आला, यावरून शक्यता सांगता येते. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज सोयाबीन पेरू नका, असे कृषी विभाग बजावतो तेव्हा शेतकऱ्याला हवी असते ती शक्यताच. दुबार पेरणीचे बियाणे कुणी फुकट देत नाही.

26 सप्टेंबर 2024 रोजी 11.77 पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ सुरू झाला, मे 2025 मध्ये 6 किलोमीटरची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’. जिल्ह्यात आता दोनशेच्या आसपास चौकटी.

तरी वळवाचा एखादा ढग सहा किलोमीटरच्या जाळीतून सहज निसटतो. त्याचा पाऊस मॉडेल सूत्राने अजमावते. ते सूत्र पक्के करायला माणसांना ढगातच जावे लागले. 2018 आणि 2019 मध्ये शेजारच्या सोलापुरात पुण्याच्या याच हवामानशास्त्र संस्थेने मोहीम मांडली. विमानाला बसवलेली उपकरणे ढगातले थेंब मोजत होती, त्यांचा आकार टिपत होती. पर्जन्यछायेतला ढग बरसत का नाही, हा मराठवाड्याचा जुनाच प्रश्न.

2025 च्या सप्टेंबरात मात्र परंडा-भूम भागात ढग नको तितके बरसले. गावे पाण्याने वेढली, माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. नंतर चावडीवर चर्चा ना अर्कची, ना चौकटींची; आपल्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर दिवसात 65 मिलिमीटर भरले का, याची. तेवढे भरले तर अतिवृष्टी, आणि अतिवृष्टी तर भरपाई. आणि तो मापक कित्येक शिवारांपासून कोसभर लांब आहे.