अभ्यासक्रम : अर्थ आणि प्रयोजन

ज्या गुरुजींच्या स्मृतीस ही पुस्तिका अर्पण केली आहे, ते वर्षारंभीच्या पहिल्या तासिकेला पुस्तक उघडीत नसत. वर्षअखेर आपल्याला काय काय करता आले पाहिजे, हे ते फळ्यावर चार-पाच ओळींत लिहीत आणि आम्हांला वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावयास लावीत. त्या वयात ती रीत आम्हांला विक्षिप्त वाटे. पुढे चार दशके अध्यापन केल्यावर ध्यानात आले की, अभ्यासक्रम म्हणजे काय, या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर त्या ओळींतच होते.

व्यवहारात आपण तीन शब्दांची गल्लत करतो. विद्यार्थ्याने काय व्हावे, त्यासाठी त्याला कोणते अनुभव द्यावेत आणि ते साधले की नाही हे कसे ओळखावे, या सर्वांची आखणी म्हणजे अभ्यासक्रम. त्यातील एका विषयाचे एका वर्षापुरते घटक, तासिका व गुणभार यांची मांडणी म्हणजे पाठ्यक्रम. आणि तो शिकविण्याचे एक साधन म्हणजे पाठ्यपुस्तक. पुस्तक संपले म्हणजे अभ्यासक्रम संपला, असे समजणे म्हणजे शिधा आणून ठेवला की जेवण झाले, असे समजण्यासारखे आहे.

इंग्रजीतील ‘सिलॅबस’ या शब्दाची कुळकथा मनोरंजक आहे. प्राचीन काळी ग्रंथाच्या गुंडाळीला आत काय आहे हे सांगणारी चर्मपत्राची एक चिठ्ठी लावीत. सिसेरोच्या पत्रांत तिच्यासाठी आलेला ग्रीक शब्द पंधराव्या शतकातील छापील आवृत्त्यांत चुकीचा छापला गेला आणि त्या मुद्रणदोषातून हा शब्द रूढ झाला. म्हणजे मुळात ती केवळ चिठ्ठी! आपला शब्द त्याहून अर्थपूर्ण आहे. अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा करणे, आणि क्रम म्हणजे पाऊल. एका पावलानंतर दुसरे पाऊल पडावे, अशा रीतीने बेतलेला सराव तो अभ्यासक्रम. दुर्दैव असे की, शब्द आपला ठेवून व्यवहार मात्र आपण चिठ्ठीचा करतो.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या छोट्या पुस्तकात अभ्यासक्रम रचणाऱ्याने स्वतःला विचारावयाचे चार प्रश्न मांडले. उद्दिष्टे कोणती? ती साधण्यासाठी कोणते अनुभव द्यावयाचे? त्या अनुभवांची जुळणी कशी करावयाची? आणि उद्दिष्टे साधली की नाही हे कसे पडताळावयाचे? यांतील क्रम महत्त्वाचा आहे. परीक्षा शेवटी येते. आपल्याकडे बहुधा ती प्रथम येते. प्रश्नपत्रिकेचा आराखडा हाती पडला की त्यावरून पाठ निवडले जातात, आणि उद्दिष्टे प्रस्तावनेपुरती उरतात. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ च्या अहवालात दप्तराच्या ओझ्याची चर्चा करताना मर्मावर बोट ठेवले होते : दप्तराच्या वजनाहून न समजलेल्या मजकुराचे ओझे अधिक घातक असते.

या दोषातून मी स्वतः मुक्त होतो, असे म्हणणार नाही. ‘पोर्शन’ वेळेआधी पूर्ण करणारा प्राध्यापक म्हणून माझा लौकिक होता आणि मला त्याचा अभिमानही होता. एका वर्षी वर्गातील एक विद्यार्थिनी खोलीत आली. गावी आजोबा वारले होते. आजीला मराठीतून पत्र लिहावयाचे होते. ‘सर, काय लिहू?’ असे ती विचारीत होती. पत्रलेखनाच्या प्रश्नात तिला उत्तम गुण मिळाले होते. मायना, विषय, समाप्ती, सारे तिला पाठ होते. परंतु दुःखात असलेल्या आपल्या माणसाशी चार शब्द बोलावेत, एवढी मराठी मी तिला दिली नव्हती. पाठ्यक्रम पूर्ण झाला होता. अभ्यासक्रम सुरूच झाला नव्हता. ते पत्र आम्ही दोघांनी बसून लिहिले. त्या दिवसानंतर मी ‘पोर्शन संपला’ हे शब्द उच्चारले नाहीत.

बडोद्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्यात लागू केला. त्या परंपरेचे आपण वारस. पुण्यातील मूल शाळेत येते तेव्हा रस्त्यावरची, दुकानातली मराठी कानात घेऊन येते. आपले मूल घरी मराठी आणि बाहेर गुजराती ऐकते. गुजरातीत ‘पांच’, ‘दांत’ असे अनुस्वार उच्चारले जातात. मराठीत १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि आपण ‘पाच’, ‘दात’ लिहितो. आपल्या मुलाने ‘दांत’ लिहिले, तर तो निष्काळजीपणा नव्हे. तो दुसऱ्या भाषेच्या नियमाचा प्रामाणिक वापर आहे. गुजराती लिपीला शिरोरेखा नाही. म्हणून देवनागरी लिहिताना ती सुटते, त्याचेही कारण हेच. पुण्यासाठी बेतलेल्या पाठ्यक्रमात यासाठी घटक असणार नाही. तो आपल्या शिक्षकालाच घालावा लागेल. केवळ तांबडी शाई वापरून मुलाला आपण एवढेच शिकवू की, मराठी ही चुका दाखविणारी भाषा आहे. आणि अशा भाषेकडे कोणी आपण होऊन परतत नाही.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वर्षारंभी उद्दिष्टे मुलांच्या भाषेत मुलांना सांगावीत. ‘पत्रलेखन’ असे न लिहिता ‘दूरच्या नातलगाला मनातले लिहिता येणे’ असे लिहावे. आपल्या मुलांच्या दुभाषिक स्थितीसाठी काही तासिका राखून ठेवाव्यात आणि दोन भाषांची तुलना उघडपणे करावी. आणि प्रत्येक सत्राअखेर एक काम असे द्यावे, ज्याला गुण नाहीत पण ज्याला वाचक आहे. पालकांनीही ‘किती धडे झाले?’ याऐवजी ‘आता तुला काय येते?’ असे विचारावे.

पाठ्यक्रम मंडळे ठरवितात. ते त्यांचे काम आहे आणि आवश्यकही आहे. परंतु अभ्यासक्रम हे शाळेने मुलाला दिलेले वचन आहे, आणि वचन पाळणे मंडळाच्या हाती नसते. गुरुजींच्या त्या चार ओळी माझ्या जुन्या वहीत अजून आहेत. शेवटची ओळ अशी : ‘न विचारता एक पुस्तक वाचून पूर्ण करणे.’ तिला गुण नव्हते. आमच्या वर्गातील बहुतेकांनी ती पुरी केली.