उन्हाची वीज आणि मातीतला वाफसा

पाण्याची पाळी रात्रीची आली की दारे धरायला अंधारातच जावे लागते. महाराष्ट्रात शेतीच्या वीजवाहिन्यांना वर्षानुवर्षे आळीपाळीने दिवसा आठ किंवा रात्री दहा तास थ्री फेज वीज मिळत आली आहे. ऐन थंडीत हातात बॅटरी घेऊन गव्हाच्या वाफ्यात उभे राहायचे, सापाकिरड्यावर नजर ठेवायची. जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात त्यात बिबट्याची धास्ती. ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी या रात्रींतून आली.

सौर पंपाने तिला उत्तर दिले. केंद्राची ‘पीएम-कुसुम’ योजना २०१९ साली आली आणि २०२४ मध्ये राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू केली. शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत पाचचा, त्यापुढे साडेसातचा. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या दर शंभर शेतकऱ्यांपैकी ८६ जणांकडे दोन हेक्टरांहून कमी जमीन आहे. डिझेलचा खर्च आणि वीजबिलाची थकबाकी या दोन्ही ओझ्यांतून सुटका होणे, ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

पण ऊन फुकट असले तरी विहिरीतले पाणी मोजकेच असते. एकदा पंप बसला की पुढच्या प्रत्येक तासाच्या उपशाला पैसे पडत नाहीत. मग पिकाची गरज भागली तरी पंप चालूच राहतो आणि भूजल आणखी खोल जाते.

या पेचातून वाट काढण्याचा एक लक्षणीय प्रयोग गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात झाला. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौर सिंचनाची सहकारी मंडळी स्थापली आणि २०१६ पासून उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. २५ वर्षांच्या कराराने युनिटमागे ४ रुपये ६३ पैसे भाव ठरला. त्यावर, पाणी वाचावे म्हणून, आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्था आणि टाटा ट्रस्ट यांच्या संयुक्त कार्यक्रमाने सुरुवातीला प्रोत्साहनपर जादा रक्कमही दिली. बदल्यात या शेतकऱ्यांनी सवलतीच्या वीजजोडणीवरचा हक्क सोडला. संशोधक तुषार शाह यांनी मांडलेली कल्पना सोपी होती: ऊन हेसुद्धा एक पीक आहे, त्याला हमीभाव द्या. वीज विकून पैसे मिळत असतील, तर गरज नसताना पंप चालवणे म्हणजे स्वतःचेच नुकसान.

पाणी वाचवायला भाव जितका उपयोगी, तितकीच मातीही. जमिनीत सेंद्रिय कर्ब असेल तर ती पावसाचे पाणी मुरवते, धरून ठेवते, वाफसा जास्त दिवस टिकतो आणि एखादी पाळी वाचते. वर्षानुवर्षांच्या नांगरटीने हाच कर्ब हवेत उडून जातो. पुनरुज्जीवनाच्या शेतीचा सगळा भर तो परत जमिनीत साठवण्यावर आहे: माती कमीत कमी हलवायची, ती उघडी ठेवायची नाही, पिकांची फेरपालट करायची.

रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी विकसित केलेले ‘सगुणा राइस तंत्र’ याच वाटेने जाते. एकदाच नांगरून गादीवाफे करायचे आणि पुढे अनेक वर्षे तेच वापरायचे. चिखलणी नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने भोके पाडून भात टोकायचा. कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल, हरभरा किंवा भुईमूग घ्यायचा. कुजणारी मुळे गांडुळांचे खाद्य बनतात आणि पाणी मुरायला वाटा करून देतात. ट्रॅक्टरचे डिझेल वाचते, लावणीच्या दिवसांतले कंबरडे मोडणारे कामही टळते. तण मारायला या पद्धतीत तणनाशक वापरतात, यावर सेंद्रिय शेती करणाऱ्यांचा आक्षेप आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा.

ऊर्जा आणि माती यांची गाठ सर्वांत जवळून पडते ती गोठ्यामागे. दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागते. चार-पाच मोठ्या जनावरांच्या घरात ते मिळते. त्यातून सुमारे ९०० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतके इंधन तयार होते. चूल धुरातून सुटते, शेणाच्या गोवऱ्या जाळाव्या लागत नाहीत. उरलेल्या स्लरीत नत्र शिल्लक असते आणि ती पुन्हा वाफ्यात जाते. एकच शेण आधी स्वयंपाक करते, मग पिकाला लागू पडते.

काढणीनंतरही ऊन कामी येते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘एस-फॉर-एस टेक्नॉलॉजीज’ने सौर वाळवणी यंत्रे ग्रामीण महिलांच्या दारात नेली. भाव पडला की मातीमोल होणारा कांदा वाळवून खाद्यउद्योगाला विकता येतो. या कामाला २०२३ साली अर्थशॉट पुरस्कार मिळाला.

हे सगळे तुकडे आज सुटे सुटे आहेत. सौर पंपाचा अर्ज महावितरणकडे, माती परीक्षण कृषी विभागाकडे आणि गोबरगॅसचे अनुदान आणखी कुठल्या टेबलावर. पंप किती अश्वशक्तीचा द्यायचा, हे शेतकऱ्याचे एकर पाहून ठरते. त्याच अर्जात ठिबक आहे का, आच्छादन करता का, मातीत कर्ब किती, हेही विचारले आणि त्यासाठी मदतही जोडून दिली, तर तीन अश्वशक्तीच्या पंपाचे पाणी अडीच एकरांना उन्हाळ्यातही पुरण्याची शक्यता कितीतरी वाढेल.